नाक्यावर अडलेली शिलाई

शिक्का वर गेला होता. खाली यायलाही निघाला होता. दाभणकाकूंनी त्या घटकेला तोंड मिटून ठेवलं असतं तर पुढच्या दहा मिनिटांत त्या पुलावर असत्या. पण काचेपलीकडच्या साहेबांनी पासपोर्टाची पानं फर्रकन चाळली आणि सहज, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सतरा दिवस सायकलवर, आणि पासपोर्ट मात्र कसा कोरा करकरीत ठेवलाय तुम्ही!"

"कोरा कसला!" काकू खुलल्या. "भिजून पार सुटला होता. पानं हातात आली होती. मीच शिवला."

शिक्का हवेतच थांबला.

"शिवला म्हणजे?"

"म्हणजे सुईदोऱ्यानं. मधलं पान उघडून बघा की. मूळचे टाके पाच होते, मी सात घातलेत. पाठीला आतून कापडाची पट्टी आहे. आता हा एक वेळ फाटेल, पण सुटायचा नाही."

साहेबांनी मधलं पान उघडलं. टाक्यांवरून बोट फिरवलं. कापडाची पट्टी नखाने चाचपली. मग त्यांनी शिक्का बाजूला उभा करून ठेवला आणि शाईच्या डबीला झाकण लावलं. टक् असा बारीकसा आवाज झाला. तो आवाज काकूंच्या कानातून पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

दाभण हे नाव त्यांना सरकारी छापखान्याच्या बांधणी खात्यात मिळालं होतं. एकतीस वर्षं त्यांनी तिथे रजिस्टरं, नियमांची पुस्तकं, शाळेची पुस्तकं शिवली. हातात सदा दाभण असायचा हे नावाचं एक कारण, आणि दुसरं कारण म्हणजे त्यांचं बोलणं. नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणीतरी कानात सांगायचं, "त्या कोपऱ्यातल्या बाईंशी वाद घालू नकोस. टोचतं, आणि रक्तही दिसत नाही."

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कागद कापायच्या मोठ्या यंत्रावर माणूस हवा होता. काकूंनी हात वर केला. फोरमन म्हणाला, "बायकांनी या यंत्रावर बसायचं नाही. नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"असतो लिहिलेला कुठेतरी."

छापखान्याच्या नियमांचं पुस्तक काकूंनीच बांधलं होतं. त्याची एक प्रत काढून त्यांनी जेवणाच्या तीन सुट्ट्यांत ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि फोरमनच्या टेबलावर ठेवलं. पानांमध्ये कागदाच्या चिठ्ठ्या घातलेल्या. बिडीचा नियम सापडला होता, टोपीचा सापडला होता, भिंतीवर थुंकण्याचा तर दोन ठिकाणी सापडला होता. बाईचा कुठे नव्हता. चौथ्या दिवशी काकू त्या यंत्रावर बसल्या आणि शिलाईचं काम सांभाळून निवृत्त होईपर्यंत बसत राहिल्या, दहाही बोटं शाबूत ठेवून. फोरमनची नऊच होती.

तेव्हापासून त्यांचं सरळ गणित होतं. लिहिलेलं असेल तर मान्य. नसेल तर ज्याने सांगितलं त्याने आधी लिहून आणावं.

सीमेचं खूळ डोक्यात शिरलं तेही याच कामातून. दर वर्षी शाळांसाठी नकाशांची पुस्तकं बांधणीला यायची. त्यात देशाच्या पूर्वेकडच्या भागाचा नकाशा दोन पानांवर पसरलेला होता आणि सीमेवरची नदी नेमकी मधल्या घडीत यायची. नदीची निळी रेघ आणि तिच्या पोटातली सीमेची तुटक रेघ, दोन्ही घडीत गडप. दाभण आरपार जायचा तो तिथूनच. ती जागा काकूंनी हजारो वेळा टोचली होती, पण पुरती उघडून कधी पाहिली नव्हती. पुस्तक कितीही दाबून उघडलं तरी तो बोटभर देश शिवणीतच राहायचा.

"निवृत्त झाले की जाऊन बघणार," त्या म्हणायच्या. "सायकलवरून."

लोक हसायचे. हसण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे, कारण काकू रोज नऊ किलोमीटर जाऊन नऊ किलोमीटर परत येतच होत्या. एका हिशेबी माणसाने एकदा कागदावर मांडून दाखवलं होतं, की एकतीस वर्षांत बाईंच्या पृथ्वीभोवती चार फेऱ्या होत आल्या आहेत, फक्त त्या सगळ्या छापखान्याच्या फाटकापाशी संपल्या.

बेत पक्का झाला तेव्हा काका, म्हणजे त्यांचे यजमान, वर्तमानपत्र वाचत होते. जन्मभर लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचलेला माणूस, फार बोलायची सवय नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुलावरून पलीकडे जायचं, त्या बाजूने नदीच्या काठाकाठाने दोनशे किलोमीटर खाली उतरायचं आणि तिथून नावेने परत अलीकडे. मग त्यांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, "सुटे स्पोक किती घेतेस?"

धाकट्या दिरांचं मात्र तसं नव्हतं. त्यांचा मालवाहू गाड्यांचा धंदा होता. चारपेक्षा कमी चाकं असलेल्या कशालाही ते वाहन मानायला तयार नसत.

"वहिनी, खरं सांगू? तुम्ही सीमेपर्यंत जाल. पाटीला सायकल टेकवून फोटो काढाल. आणि याल परत. हवं तर माझं लिहून घ्या."

"मी कशाला लिहू? तुम्हीच लिहून द्या, भाऊजी."

दिरांनी हसत हसत जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहिलं, 'वहिनी सीमेवर फोटो काढून परत येतील,' आणि खाली ऐटीत सही केली. काकूंनी तो कागद चार घड्या घालून सीटखालच्या चामडी पिशवीत ठेवला, पंक्चरच्या सामानाबरोबर.

अकराशे किलोमीटरचा रस्ता. अकराव्या दिवशी एका लॉजच्या खोलीत पिशवी उघडली तर आतली पाण्याची बाटली कलंडलेली. झाकण आटे चुकवून लागलं होतं. पासपोर्टाचा लगदा व्हायचा तेवढा बाकी होता. मधला दोरा तुटून पानं सुटली होती. काकूंनी खाली जाऊन लॉजवाल्याकडून जुनी वर्तमानपत्रं आणली, एकेका पानाआड टिपायला कागद घातला, वर लाकडी फळी ठेवून तिच्यावर पलंगाचा पाय ठेवला आणि एक दिवस मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी बसून त्यांनी तो शिवला. मेण लावलेला दोरा आणि दाभण त्या पिशवीत नसते तर नवल. बटण तुटलं तरी त्यांना तोच दोरा लागायचा.

हे सरकारी कागदपत्र आहे, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं ना. पण त्यांनी जन्मभर दुसरं शिवलं काय होतं? सरकारी कागदपत्रंच. कुठल्याही कचेरीत एखादं रजिस्टर सुटलं की ते त्यांच्याच टेबलावर यायचं. आपल्याच हातचं काम आपण केलं, एवढंच त्यांना वाटलं. आणि काम झालंही असं झकास, की पुढचे सहा दिवस ते कोणाला तरी दाखवावं म्हणून बोटं शिवशिवत होती.

तर दाखवलं ते नेमकं या माणसाला.

साहेब वयाने काकूंच्याच आसपासचे होते. माणूस खवट नव्हता. त्यांनी पासपोर्टाचं शेवटचं पान उघडलं आणि काचेखालच्या फटीतून पुढे सरकवून एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. 'या पुस्तिकेत कोणत्याही प्रकारे फेरफार केल्यास ती रद्द समजली जाईल.'

काकूंनी ओळ वाचली. परत वाचली. ते पान त्यांनी वाळवलं होतं, सरळ केलं होतं, त्याचे कोपरे जुळवले होते. वाचलं मात्र नव्हतं. बांधणी करणारा माणूस पानांचा क्रम बघतो, मजकूर नाही.

"लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"लिहिलंय," साहेब म्हणाले.

"मग तुमचं बरोबर आहे. पण काम वाईट नाही हं."

"अहो, काम उत्तम आहे, तीच तर पंचाईत आहे! नुसता फाटका आणला असतात तर खराब झाला म्हणून शेरा मारून काहीतरी करता आलं असतं. हे म्हणजे..." त्यांनी परत ते सात टाके पाहिले. "आता तुम्ही स्वतः सांगितल्यावर मी काय करू? मला लिहावं लागेल." आणि समोरचं भलंमोठं रजिस्टर ओढून त्यांनी लिहिलंही, 'प्रवाशाने पुस्तिका स्वतः शिवल्याचे कबूल केले.'

"कबूल केले नाही, सांगितले," काकू म्हणाल्या.

साहेबांनी 'कबूल केले' खोडून 'सांगितले' लिहिलं.

नवा पासपोर्ट विभागीय कचेरीत मिळणार होता. ती कचेरी मागच्या शहरात, दोनशे साठ किलोमीटरवर. आणि काउंटरशेजारच्या भिंतीवर एक सूचना डकवलेली होती. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपासून पूल दुरुस्तीसाठी सहा महिने बंद. आज चोवीस तारीख.

काकू बाहेर आल्या. खिडकीतून जेवढा दिसत होता त्यापेक्षा पूल पुष्कळच मोठा होता. नदी दिसत होती. पलीकडचा काठ दिसत होता, तिथलं एक झाड, झाडाखाली उभी असलेली कोणाची तरी मोटरसायकल. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. सीमेच्या पाटीपाशी एक जोडपं फोटो काढत होतं. काकूंनी पाटीकडे पाहिलंही नाही. सायकल उलटी वळवली.

संध्याकाळी दिरांचा फोन आला. काकांकडून त्यांना कळलं होतं.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. एवढं गेलात हेच खूप झालं. परवा आपली एक गाडी तिकडून रिकामी परतणार आहे. सायकल मागे टाका आणि या आरामात."

"रिकामी आहे ना? मग तिच्यात सामान भरा, भाऊजी. मी सामान नाही."

"अहो, पण आता पुढे जाताच येत नाही तर..."

"येतं. पुढे जायला आधी थोडं मागे जायचंय, इतकंच."

मग काकांनी फोन घेतला. "येताना उतार लागला होता ना शेवटी?"

"हो. चाळीस किलोमीटर."

"म्हणजे आता चढ. सीट बोटभर वर घे. गुडघे वाचतील."

चार दिवसांनी काकू विभागीय कचेरीच्या बाकावर होत्या. खिडकीवरच्या कारकून बाई चटपटीत होत्या. एका हाताने टोकन घेत होत्या, दुसऱ्या हाताने फॉर्म देत होत्या आणि हनुवटीने रांग सरळ करत होत्या.

"कारणाच्या रकान्यात लिहा, पाण्याने खराब झाला. बास."

"पाण्याने सुटला, मग मी शिवला."

बाईंनी मान वर केली. आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "काकू, ते शिवल्याचं नका लिहू. फेरफार म्हटलं की फाइल आत चौकशीला जाते."

"किती दिवस लागतात?"

"आठ लागतील, वीस लागतील, साहेबांच्या मनावर. आणि नुसतं पाण्याचं लिहिलंत तर पाच दिवसांत हातात. पट्टी काढा, दोरा ओढून काढा, झालं. कोण बघतंय?"

काकू फॉर्म घेऊन बाकावर बसल्या. पाच दिवस म्हणजे तीन तारीख. चार दिवस परतीचे. सात-आठ तारखेला पूल. आणि चौकशी लागली तर कदाचित सहा महिने, आणि सहा महिन्यांनी गुडघे काय म्हणतील ते गुडघ्यांनाच ठाऊक. कॅलेंडरच्या पानावरची सही डोळ्यांपुढे आली. दिरांचा चेहराही आला, सहानुभूतीने ओथंबलेला. तो रागीट चेहऱ्यापेक्षा वाईट.

त्यांनी पेन उचललं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'प्रवासात पाण्याने भिजून शिलाई सुटली. मी ती माझ्या हाताने पुन्हा घातली. टाके सात.'

फॉर्म वाचून कारकून बाईंनी कपाळावर हात मारला. "कशाला नसती आफत ओढवून घेताय हो?"

"शिवलंय मी. चोरलं नाही. स्वतःचं काम मी आजवर लपवलेलं नाही, आता या वयात कुठे ती सवय लावून घेऊ?"

फाइल आत गेली.

त्यानंतर रोजचा एक क्रम ठरून गेला. सकाळी शहराबाहेर तीस किलोमीटर सायकल, नाही तर पाय गंजतील. मग अंघोळ, चहा, पाव, दोन केळी. दहाच्या ठोक्याला कचेरीतल्या त्या बाकावर. काकू भांडत नव्हत्या, विनवत नव्हत्या, नुसत्या बसून असायच्या, दारातून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशा. तीन दिवसांनी शिपाई त्यांच्यासाठीही चहा आणायला लागला. सहाव्या दिवशी एका माणसाने त्यांनाच विचारलं, "फोटो किती लागतात?" आणि त्यांनी बरोबर उत्तर दिलं. नऊ तारीख गेली, दहा गेली. अकराला चौकशी अधिकाऱ्यांनी आत बोलावलं.

छोटी खोली, फायलींनी तीन बाजूंनी वेढलेली. अधिकारी सडपातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पासपोर्ट त्यांच्यापुढे होता.

"पानं बदललेली नाहीत, हे कशावरून मानायचं?"

"माझ्या शब्दावरून मानू नका. उजेडाकडे धरा," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नंबर प्रत्येक पानावर बारीक भोकांनी पाडलेला आहे ना? सगळी पानं एकत्र करून तो एकदाच पाडतात. आता ती पानं मिटून खिडकीसमोर धरा. एक जरी पान दुसऱ्या पुस्तकातलं असेल तर उजेड अडेल."

अधिकाऱ्यांनी चष्मा वर सरकवला, उठून खिडकीपाशी गेले आणि पानं बोटांत घट्ट धरून उजेडात पाहिलं. सगळ्या पानांतून आरपार, बारीक चमकत्या ठिपक्यांत, अख्खा नंबर दिसत होता. एकही भोक तसूभर सरकलेलं नव्हतं.

"तुम्ही हे मुद्दाम जुळवलंत?"

"पानं वाकडी शिवायची कशी, तेच मला येत नाही."

अधिकारी परत येऊन बसले. "तरीसुद्धा पान न् पान मोकळं करून तपासावं लागेल. उसवावा लागेल." त्यांनी खणातून ब्लेड काढलं.

"ब्लेड ठेवा. घडीवर पान चिरेल. मी उसवते."

काकूंनी पिशवीतून दाभण काढला. एकतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांची हजार पुस्तकं उसवली होती. स्वतःचं काम उसवायची वेळ आली नव्हती, कारण ते सुटतच नसे. पहिला टाका निघायला तयार नव्हता. दुसराही. एवढा पक्का घातल्याबद्दल त्या मनातल्या मनात स्वतःवरच करवादल्या. सातवा निघाला तेव्हा दोरा तुटला नव्हता, एकसंध हातात आला. अधिकाऱ्यांनी तो पाकिटात घातला, पाकिटावर 'दोरा' असं लिहिलं आणि फाइलला जोडला. मग त्यांनी पानं मोजली, तपासली आणि शेरा लिहून वाचून दाखवला, "सर्व पाने मूळची आढळली."

"पुढे लिहा ना, शिलाई व्यवस्थित होती."

"त्याला रकाना नाही, बाई."

"शेऱ्याला कुठे रकाना लागतो?"

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग ओळ पुरी केली, '...व शिलाई व्यवस्थित होती.' सरकारी दप्तरात ते वाक्य आजही असेल.

नवा पासपोर्ट सोळा तारखेला दुपारी हातात पडला. देताना कारकून बाई म्हणाल्या, "आता तरी बसने जा! सायकल टपावर टाका. सहा तासांत नाक्यावर."

"तीन दिवस आहेत."

"आणि मध्ये काही झालं म्हणजे?"

"तर सहा महिन्यांनी परत तुमच्याच रस्त्याने येईन. बाक रिकामा ठेवा."

हा निव्वळ हट्ट होता का? होता थोडा. पण बसने नाक्यापर्यंत जायचं आणि पुलापुरतं सायकलवर बसायचं, याला काकूंच्या लेखी सीमा ओलांडणं म्हणत नव्हते. त्याला फोटो काढणं म्हणत होते.

सतरा तारखेला वारा सबंध दिवस छातीवर. अठराला चढावर मागच्या चाकाचे दोन स्पोक टणटण करत गेले. काकूंनी रस्त्याकडेला सायकल उलटी उभी केली, काकांनी मोजून दिलेल्या आठांतले दोन बसवले आणि चाक डोळ्यांसमोर फिरवून सरळ केलं. दीड तास गेला. त्या दिवशी अंधार पडायच्या आत गाठायचं गाव गाठता आलं नाही, अलीकडच्याच वस्तीत एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम केला. एकोणीसला पहाटे फटफटताच निघून त्यांनी शेवटचा उतार असा काही सोडला, की ब्रेकचं रबर तापून वास यायला लागला.

नाक्यावर पोचल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. पूल पाचला बंद होणार होता. काचेपलीकडे तेच साहेब.

"आलात?"

"आले. हा बघा. हा मी शिवलेला नाही, दिसतंच आहे. टाके केवढे लांब घातलेत."

साहेबांनी पासपोर्ट घेतला. उलटसुलट केला. शाईच्या डबीचं झाकण उघडलं. काकूंनी या खेपेला ओठ घट्ट मिटून घेतले. शिक्का वर गेला आणि खाली आला.

मग नोंद करायला साहेबांनी ते भलंमोठं रजिस्टर पुढे ओढलं, तर त्याची मधली दहा-बारा पानं सरकून थेट काकूंच्या बाजूला बाहेर आली. साहेब ओशाळले. "आता तसंही कोणी यायचं नाही आज," ते म्हणाले. "तुमच्या हाताला एवढी कला आहे. जरा दोन टाके..."

काकूंनी रजिस्टराची पाठ वाकून पाहिली. कुठल्या छापखान्याची बांधणी आहे ते त्यांना लगेच कळलं. "आमच्याकडचंच आहे. मी सोडल्यानंतरचं." मग पानं सारखी करून त्यांनी ती काचेखालच्या फटीतून हळूच आत सरकवली. "पण सरकारी पुस्तक आहे, साहेब. फेरफार होईल."

साहेब हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"लेखी द्या," काकू म्हणाल्या. "सही-शिक्क्यानिशी, घरच्या पत्त्यावर. पूल उघडला की दोरा घेऊन येते. येईन ती सायकलवरच."

पुलाच्या तोंडाशी पहारेकरी उभा होता. काकू सीटवर बसून एक पाय पॅडलवर टेकवतात न टेकवतात तोच त्याने हात आडवा केला. "मावशी, उतरा. ढकलत न्या. पुलावर सायकल चालवत नाहीत."

"कुठे लिहिलंय?"

पहारेकऱ्याने आजूबाजूला पाहिलं. एकच पाटी होती. त्याने ती वाचली, मग नाइलाजाने मोठ्याने वाचली, "वाहने सावकाश चालवा."

"सायकल वाहन आहे ना?"

"आहे तशी."

"मग सावकाश चालवते."

आणि त्यांनी पॅडल मारलं. मागून तो काहीतरी म्हणाला, पण ते लिहिलेलं नव्हतं.

पुलाच्या मधोमध एक पांढरी रेघ होती, निम्मी पुसलेली. अलीकडे डांबर, पलीकडे सिमेंट. एवढाच काय तो फरक. रेघेवरून पुढचं चाक गेलं, मग मागचं, आणि चाकांचा आवाज बदलला. काकूंनी दोन्ही बाजूंना पाहिलं. नदी वरपासून खालपर्यंत सपाट उघडी पडलेली होती, घडी कुठेच नव्हती. इतकी वर्षं शिवणीत गेलेलं ते बोटभर पाणी चांगलं अर्धा किलोमीटर रुंद होतं, आणि निळं तर अजिबात नव्हतं, मातकट होतं. "बघा!" त्या कोणाला तरी म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पलीकडच्या चौकीत एक तरुण मुलगी बसली होती. तिची भाषा काकूंना येत नव्हती, काकूंची तिला. तिने पासपोर्ट मधोमध उघडला तर घडीतून दोऱ्याचं एक टोक वर आलेलं, नखाएवढं. नव्या कोऱ्या पासपोर्टात! काकूंचा हात आपोआप पिशवीकडे गेला. मग त्यांनी तो हात मागे घेतला आणि काउंटरच्या कडेला घट्ट धरून ठेवला. मुलीने शिक्का मारला.

बाहेर झाडाखाली अलीकडच्या टॉवरची रेंज अजून येत होती. फोन वाजला.

"कुठे आहेस?" काका.

"पलीकडे."

काकांनी ते घरात मोठ्याने सांगितलेलं ऐकू आलं. मग मागून दिरांचा आवाज आला, "वहिनींना म्हणावं, सीमेवरचा फोटो पाठवा!"

"त्यांना सांगा, फोटो काढायला थांबावं लागतं," काकू म्हणाल्या. "मी थांबले नाही. त्यांचा कागद माझ्या सीटखाली आहे, घरी आल्यावर त्यांनाच वाचायला लावणार आहे. मोठ्याने."

"चेनला तेल घातलंस?" काकांनी विचारलं.

"सकाळीच. ठेवते आता. अजून उजेड आहे, आणि इथला रस्ता चांगला दिसतोय."